परातीखालची वाळू

वाळूतलं मला कोणी शिकवू नये, असं मी अडतीस वर्षं छातीठोकपणे सांगत आलो. गवंडीकामात उभा जन्म गेला माझा. मूठभर वाळू कानाशी धरून चोळली, की ती भिंतीला धरणार की पापुद्रे सोडणार, हे मी डोळे मिटून सांगायचो. मी मान हलवल्याशिवाय ट्रकचा फाळका उघडत नसे. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे माझी जी काय शोभा झाली ती याच शहाणपणापायी.

परांचीवरून पडलो आणि गुडघा गेला. मुलीनं माझं काही एक न ऐकता मला आपल्या घरी आणलं. ती घरीच शिवणकाम करते, जावई चष्म्याच्या कारखान्यात काचा घासतो. घरात ती दोघं आणि तिसरा मी. मला वेगळी खोली, खिडकीशी पलंग, वेळच्या वेळी औषध. कसली म्हणून उणीव नव्हती. पण खरं सांगू? आठ महिने मी त्या घरात अवघडून बसलो होतो. जावई इतका गुणी, की माझ्यासमोर पाय पसरून बसायचा नाही. मी कप विसळायला घेतला की "अहो बाबा, राहू द्या." पंखा पुसायला स्टूल ओढलं की "बाबा, तुम्ही बसा." बसा, बसा आणि बसा! आपण माणूस नसून पाहुण्यांसाठी मांडलेली खुर्ची आहोत, असं मला वाटायला लागलं. माझं तोंड तसं फटकळ. पण भांडायला समोरच्यानं जागा तर द्यायला हवी! शेवटी मनाशी ठरवलं, गुडघा जरा वळायला लागला की आपल्या जुन्या खोलीवर परत जायचं. मुलीला नुसतं सुचवून बघितलं, तर तिचे डोळे भरून आले. म्हणून महिनाभर गप्प राहिलो.

जावयाला एकच वेड, पाकट. समुद्रातले नव्हेत, गोड्या पाण्यातले. बाहेरच्या खोलीत भिंतीला लागून काचेची टाकी, आठ फूट लांब, चार फूट रुंद, आणि त्यात दोन पाकट. ज्यानं पाहिले नसतील त्याला सांगतो. चपटं, गोल अंग, पाठीवर दोन डोळे, मागे शेपूट आणि शेपटीवर विषारी काटा. तोंड खाली, पोटाच्या बाजूला. पोहताना अंगाची कड अशी लहरत जाते की बघत बसावं. मादी मोठी, म्हणून मुलीनं तिचं नाव ठेवलं परात. नर लहान, तो ताटली. नर असून ताटली, पण बिचारा तक्रार कोणाकडे करणार?

परातीच्या पोटात पिल्लं होती. हे मासे अंडी घालत नाहीत, सरळ पिल्लांनाच जन्म देतात. मागच्या खेपेला तिची दोन्ही पिल्लं मेलेली निघाली होती, आणि जावई त्या दिवशी जेवला नव्हता, असं मुलीनं मला सांगितलं होतं. टाकीचा तळ उघडा, नुसती काच. परात एका कोपऱ्यात जाऊन कडा फडफडवायची, अंगावर काहीतरी ओढून घ्यायला बघायची, पण ओढणार काय? शोभेच्या माशांच्या दुकानातल्या बाई म्हणाल्या, "तिला पुरून घ्यायला वाळू द्या. अशी बेचैन राहिली तर याही खेपेला खरं नाही."

त्या संध्याकाळी जेवताना जावई मला म्हणाला, "बाबा, टाकीच्या तळाला वाळू घालायची आहे. कोणती घालायची ते तुम्ही ठरवा. वाळूतलं तुमच्याइतकं कोणाला कळतं?"

मी हातातला घास परत ताटात ठेवला. आठ महिन्यांत मला कोणी पहिल्यांदा काही विचारलं होतं. देवाशपथ सांगतो, त्या क्षणी त्यानं माझ्याकडे डोंगर मागितला असता तरी मी फावडं घेऊन निघालो असतो.

दुसऱ्या दिवसापासून मी कामाला लागलो. काठी टेकत टेकत बसनं दोन जुन्या साइटवर जाऊन आलो, ओळखी काढल्या, पिशव्या भरून नमुने आणले. बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्रावर चार ढीग मांडले. मुलगी शिवणयंत्रावरून ओरडली, "बाबा, माझ्या कापडावर एक कण जरी दिसला ना, तर तुमची खैर नाही!" मला बरं वाटलं. ओरडणारी तेवढी ती एकटीच होती घरात.

दुकानातल्या बाईंनीही जावयाबरोबर एक पिशवी पाठवली होती. उघडून बघतो तर काय, पांढरट, गोलमटोल दाणा, बोटांतून पाण्यासारखा पळणारा. कानाशी धरून चोळली तर आवाजच नाही. मी म्हटलं, "ही वाळू? ही साइटवर आली असती तर ट्रकवाल्याला मी आल्या पावली परत पाठवला असता. हिच्यात जीवच नाही."

जावयानं चिमूटभर बोटांत घेऊन चोळली. "बाई म्हणत होत्या, दाणा गोल हवा..."

"बाईंनी आजवर किती भिंती उभ्या केल्या?"

तो हसला. थोडा वेळ बोटं चोळत उभा राहिला आणि म्हणाला, "तुम्ही म्हणाल तसं."

मी निवडली ती वाळू म्हणजे सोनं होती. दाण्याला धार, एकसारखी चाळलेली, मातीचा अंश नाही. चोळली की कर्र बोलायची. व्हिनेगरचे चार थेंब टाकून बघितले, बुडबुडा आला नाही, म्हणजे चुना नाही, पाणी बिघडायची भीती नाही. चौदा पाण्यांनी धुतली. चौदावं पाणी निवळशंख निघालं तेव्हाच टाकीत घातली, आणि स्टुलावर बसून गिलावा सपाट करायच्या माझ्या लाकडी रंध्यानं तळ असा सपाट केला, की त्यावर गोट्या घरंगळल्या नसत्या. जावई बघून म्हणाला, "वा, बाबा!" त्या रात्री जेवणं उरकली, हात वाळले, तरी मी बोलतच होतो. कुठला जिना, कुठली पाण्याची टाकी, कोणत्या ठेकेदाराची कशी जिरवली. दोघं हसत होती. इतकं मोकळं मी त्या घरात कधीच बोललो नव्हतो.

तीन दिवस गेले. परात वाळूत शिरेना. कधी पाण्याच्या नळीवर लोंबकळायची, कधी काचेला चिकटून उभी राहायची. मी आपली समजूत काढत होतो, नवीन घर आहे, रुळेल हळूहळू. मला तरी इथं आल्यावर कुठं आठ दिवसांत झोप लागली होती? चौथ्या दिवशी सकाळी जावई कामावर गेल्यावर मी चहाचा कप घेऊन टाकीपाशी बसलो, आणि ती माझ्यासमोरच्या काचेवर चढली. तिचं पोट मला पहिल्यांदा पुरतं दिसलं. पांढऱ्या पोटावर तोंडाच्या कडेनं लाल ओरखडे होते. दोन ठिकाणी कातडी सोलवटली होती.

कप तसाच ठेवला आणि टाकीत हात घालून मूठभर वाळू काढली. चोळून बघितली. कर्र आवाज आला, हाताला काहीच लागलं नाही. मग मुलीला हाक मारली.

"हात पुढे कर. तळवा नको, मनगटाची आतली बाजू."

मी तिथं वाळू हलकेच फिरवली. तिनं झटकन हात ओढून घेतला. "आई गं! टोचतेय, बाबा!"

मी माझ्या तळव्यांकडे बघत राहिलो. अडतीस वर्षं सिमेंट खाऊन खाऊन त्यांचे जोडे झालेत. त्यांना आता विस्तव तेवढा कळतो. ज्या वाळूला धार असते ती भिंत धरून ठेवते, हे मला पाठ होतं. पण भिंतीला कातडी नसते, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. गाभण जीव, दिवसभर पोटावर सरकणारा, आणि त्याच्याखाली मी चौदा वेळा धुऊन काचकागद अंथरला होता. स्वतःच्या हातांनी. वर सपाटही करून दिला होता!

मी जावयाला फोन लावला. नमस्कार-चमत्कार काही नाही. म्हटलं, "ताबडतोब घरी या. परात सोलवटलीय. माझ्यामुळे."

अर्ध्या तासात तो आला. मी वाट बघत होतो, आता तरी हा भडकेल. पण यानं बूट काढले, बाह्या वर केल्या आणि टाकीत बघून इतकंच म्हणाला, "काढू या." बस्स. मग आम्ही तिघं लागलो. मुलीचं कपडे भिजवायचं प्लास्टिकचं टोपलं त्यानं पाण्याखाली बुडवलं. परातीला त्यात सरकवायचं होतं, आणि शेपटीचा काटा आमच्या हातांपासून दूर ठेवायचा होता. मी माझा रंधा पाण्यात उभा धरून मध्ये भिंत केली. ती हळूहळू टोपल्यात शिरली आणि दोघांनी दोन बाजूंनी धरून टोपलं पाण्यासकट वर उचललं. ताटली मात्र पहिल्याच झटक्याला टोपल्यात शिरला, त्याला जणू निघायचंच होतं. मग नळी लावून आम्ही वाळू बादल्यांत ओढायला लागलो. एक बादली, दोन बादल्या, सात बादल्या.

आठव्या बादलीला जावई नळीकडे बघत म्हणाला, "मला पहिल्याच दिवशी शंका आली होती. आम्ही काचा घासतो ती पूड अशीच लागते बोटांना."

माझ्या हातातली बादली धपकन खाली बसली. "आणि तोंडाला काय कुलूप लागलं होतं?"

"तुम्ही इतक्या आनंदात होतात, बाबा. वाटलं, आपली शंका खोटी असेल. आणि... तुम्हाला कसं सांगणार?"

अंगाचा तिळपापड म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. आठ महिने पाळलेलं अहो-जाहो क्षणात वाहून गेलं. "अरे, मला वाईट वाटू नये म्हणून त्या मुक्या जिवाची कातडी सोलू दिलीस? मी काय काचेचा आहे? साइटवर चुकलो तर ठेकेदार बापाचा उद्धार करायचा माझ्या, तरी मी मेलो नाही! पिल्लं गेली तर काय सांगणार होतास? म्हाताऱ्याचा मान राखला म्हणून?"

मुलगी "बाबा" म्हणत पुढे आली. जावयानं तिला हातानं थांबवलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"चुकलंच माझं," तो म्हणाला.

"माझंही चुकलं. बाईंनी सांगितलं होतं आणि मी माज केला." मी नळी उचलली. "धर हे टोक. पुढच्या वेळी बोलायचं. तोंडावर बोलायचं. मी चिडेन, आरडाओरडा करेन. करू दे."

त्यानं नळी धरली.

त्याच दुपारी मी बाईंच्या दुकानात गेलो. जावई पाणी सांभाळायला घरी थांबला होता. बाईंपुढे मी हात जोडले. "तुमचं ऐकलं नाही. आता तुम्ही सांगाल तसं."

बाईंनी टोमणा मारायला हवा होता. मी तयारी ठेवून गेलो होतो. पण त्यांनी स्टूल पुढे केलं आणि म्हणाल्या, "उघड्या तळानंही पाकट सोलवटतात, वाळूनंही सोलवटतात. मी स्वतः पहिल्या वर्षी खडी घातली होती. बसा." मग त्यांनी तीन पिशव्या माझ्यापुढे ठेवल्या. मी शर्टाची बाही वर करून कोपराच्या आतल्या मऊ भागावर एकेक वाळू घासून बघितली. दुकानात आलेली दोन गिऱ्हाइकं माझ्याकडे वेडा समजून बघत होती. बघेनात का! पहिली किंचित लागली. दुसरी बरी होती. तिसरी फिरवली तर पीठ फिरवल्यासारखं वाटलं. तीच ती, गोल दाण्याची, जिच्यात जीव नाही म्हणून मी नाक मुरडलं होतं. "दोन बोटंच जाडी ठेवा," बाई म्हणाल्या. "जास्त घातलीत तर खाली घाण कुजते. पाणी स्वच्छ, उजेड कमी, आणि तिला उगाच हात लावू नका. पोटाची कातडी भरून येईल. पिल्लांचं मात्र आज काही सांगता येत नाही." घरी न्यायला त्यांनी आपला माणूसही बरोबर दिला. त्या बाईंचे उपकार मी कसे फेडणार ते मला अजून कळलेलं नाही.

संध्याकाळपर्यंत नवी वाळू धुऊन टाकीत गेली. रंधा फिरवला नाही. जशी पडली तशी राहू दिली.

नंतरचे दिवस कसे गेले ते माझं मला माहीत. परात चार दिवस काही खाईना. जावई सकाळी पाणी तपासायचा, संध्याकाळी तपासायचा, वहीत आकडे लिहायचा. मी डोळ्यांत तेल घालून टाकीसमोर बसायचो. पाचव्या दिवशी तिनं एक गांडूळ घेतलं आणि आम्ही तिघांनी एकमेकांकडे असं बघितलं की जणू घरात कोणी परीक्षा पास झालं. ओरखड्यांचा लाल रंग फिका पडत गेला. जावई माझ्याशी बोलायचा, पण अजून तसाच, जपून जपून. मी म्हटलं असेल तोंडावर बोल, पण जन्मभराची सवय एका दिवसात जाते थोडीच? मला मात्र एकच धास्ती होती. ही पिल्लं मेली तर हा मला एक शब्द बोलणार नाही, आणि मग मला या घरात एक दिवस काढता येणार नाही.

एका सकाळी उठून बघतो तर टाकी रिकामी! ताटली एका कडेला, आणि परात नाहीच. माझी पाचावर धारण बसली. उडी मारून बाहेर पडली की काय म्हणून मी सोफ्याखाली काठी फिरवली. मग टाकीच्या कोपऱ्यात वाळू किंचित हलताना दिसली. नीट बघितलं. वाळूतून दोन डोळे वर आले होते आणि त्यांच्यामागच्या दोन भोकांतून ती शांतपणे श्वास घेत होती. बाकी सगळी वाळूखाली. पहिल्यांदाच. अंगावर पांघरूण ओढून माणूस झोपतो, तशी. जीव भांड्यात पडला माझा. दुपारी जावई येईपर्यंत मी तिथून हललो नाही. आल्याबरोबर त्याला हाताला धरून आणलं, बोट दाखवलं, आणि आम्ही दोघं कितीतरी वेळ बघत बसलो.

त्यानंतर बारा दिवसांनी सुट्टीच्या दिवशी सकाळी पिल्लं झाली. तीन. जिवंत, प्रत्येकी बशीएवढी, अंगावर आईचे ठिपके. जावई पुढून बघायचा, बाजूनं बघायचा, चष्मा काढून पुसायचा आणि पुन्हा बघायचा. मुलगी हातातली कात्री न ठेवताच रडत होती आणि हसत होती. मी देवाचे, बाईंचे, त्या गोल दाण्याचे, सगळ्यांचे आभार मानून मोकळा झालो. जावई पिल्लांसाठी जाळी आणायला आतल्या खोलीत गेला, तेवढ्यात एक पिल्लू नळीच्या मागे, काचेच्या फटीत जाऊन बसलं. बाहेर येईना. मला राहवलं नाही. बाही वर केली, स्टूल टाकीला टेकवलं आणि हात आत घातला. परात तिथंच होती, वीतभर अंतरावर.

"बाबा! हात काढा! आधी हात बाहेर काढा!"

जावई दारात उभा होता. असा आवाज मी त्याच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. मी हात काढला.

"वेड लागलंय का तुम्हाला? आत्ता व्यालेली आहे ती! तिच्या शेपटीपाशी हात घालतात? काटा बसला असता म्हणजे? आणि ते स्टूल! किती वेळा सांगायचं, काच आहे ती, तुमची विटांची भिंत नाही! जरा म्हणून ऐकायचं नाही कुणाचं!"

मुलीच्या हातातली कात्री थांबली. मग जावयालाच आपण काय बोललो ते कळलं. चेहरा पडला, हातातली जाळी खाली आली. "बाबा, मी... तसं नव्हतं म्हणायचं..."

"खबरदार!" मी बोट उगारलं. "माफी मागितलीस तर माझ्यासारखा वाईट नाही."

तो माझ्याकडे बघत राहिला. माझे डोळे भरून आले होते आणि मी ते लपवलेही नाहीत. आठ महिने आणि वर कितीतरी दिवस मी या घरात जेवलो, झोपलो, औषधं घेतली. घरातला मात्र मी त्या मिनिटाला झालो. पाहुण्यावर कोणी असं ओरडत नाही. परातीची पिल्लं जगली, आणि जावयानं मला झापलं. एका सकाळी एवढं सगळं मिळावं, असं मी कोणतं पुण्य केलं होतं?

जावयानं एक दीर्घ श्वास घेतला. पुन्हा पिल्लाकडे बघितलं, आणि त्याचा आवाज परत चढला. "मग बघत काय बसलाय, बाबा? कालपासून साठवलेलं पाणी आहे मोरीत, पिल्लं ठेवायला ती बादली आणा. आणि सांडू नका."

"आणतो रे, आणतो," म्हणत मी काठी शोधायला लागलो.